एकाच गिअरची पन्नाशी

“एकच गिअर? मग बाकीचे कुठं गेले?”

गाडेकर साहेबांनी हे विचारलं तेव्हा मीटिंगमध्ये चहा यायचा होता, म्हणजे कोणाचंच डोकं अजून नीट चालत नव्हतं. गाडेकर आमचे सेल्स मॅनेजर. टेबलावर मी काढलेलं सायकलचं ड्रॉइंग होतं आणि ते त्यावर वाकून हरवलेली वस्तू शोधावी तसे गिअर शोधत होते.

“बाकीचे नाहीतच, साहेब. सिंगलस्पीड आहे ही. एकच स्पीड.”

“म्हणजे गिअर कमी आणि किंमत जास्त. हे डीलरला मी कुठल्या तोंडानं सांगू?”

“नेहमीच्याच,” मी म्हटलं.

मी नगरच्या एमआयडीसीत एका सायकल कंपनीत डिझाइन बघते. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आमच्या गेटवरच्या बोर्डावरही तसंच लिहिलंय, पण एसटीचा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय. आमच्या कंपनीत आर अँड डी डिपार्टमेंट आहे असं वेबसाइटवर दिसतं. ते डिपार्टमेंट म्हणजे मी, माझा कॉम्प्युटर आणि सायकल टांगायचा एक स्टँड.

त्या वर्षी कंपनीला पन्नास वर्षं होत होती. दर वर्धापनदिनाला आमच्याकडे सत्यनारायण, पेढे आणि स्टीलचा डबा असा शिरस्ता. पण अजिंक्य सरांना या वेळी वेगळं काही हवं होतं. अजिंक्य सर म्हणजे मालकांचे चिरंजीव, पुण्याला एमबीए करून आलेले. त्यांनी लिमिटेड एडिशन काढायचं ठरवलं. लिमिटेड एडिशन म्हणजे मोजक्याच नगांची खास आवृत्ती. पन्नास वर्षांच्या पन्नास सायकली, प्रत्येकीवर नंबर कोरलेली पितळी पट्टी, पुन्हा ते मॉडेल काढायचं नाही. नाव ठेवलं ‘पन्नाशी’. आणि ती डोंगरावर चालणारी माउंटन बाइक असावी, पण एकाच गिअरची, कारण कंपनीची पहिली सायकल एकाच गिअरची होती.

कल्पना मला मनापासून आवडली. एकाच गिअरची माउंटन बाइक ही वेड्या लोकांची सायकल असते, हे खरं. पण तिच्यात बिघडायला काही नसतं. गिअर बदलणारी ती मागची लोंबती यंत्रणा नाही, केबल नाही, हँडलवर खटके नाहीत. चिखल भरला तरी चालते, आवाज करत नाही आणि वजनाला हलकी. मी तिला जुन्या पद्धतीची स्टीलची फ्रेम दिली, रंग दिला गडद हिरवा. मालकांच्या पहिल्या दुकानाच्या फळीचा रंग हाच होता, असं सगळे सांगतात.

मालकांना सगळे नाना म्हणतात. पंच्याहत्तरीला आलेले, पाथर्डी तालुक्यातल्या एका छोट्या गावचे. तिथं त्यांनी भाड्यानं सायकली द्यायचं दुकान काढलं, त्याची ही कंपनी झाली. नानांनी पन्नासचा आकडा ऐकला आणि मान हलवली.

“पन्नास न्हाई. एक्कावन्न कर.”

“नाना, पन्नास वर्षं झालीत ना,” अजिंक्य सर म्हणाले.

“व्हय की. पन पन्नासाचा आहेर कुनी करतं का? वर एक लागतो. त्याबिगर शुभ न्हाई.”

पट्ट्या तोवर कोरून आल्या होत्या. प्रत्येकीवर ‘५० पैकी’ असं लिहिलेलं. शेवटी एक्कावन्नावी पट्टी वेगळी करून घेतली आणि तिच्यावर ‘५० पैकी ५१’ असं कोरलं. कोरणाऱ्यानं दोनदा फोन करून विचारलं. मी दोनदा सांगितलं की बरोबर आहे, आमच्याकडे असंच असतं. ती सायकल नानांची.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. मग नानांनी कार्यक्रम जाहीर केला.

त्यांच्या गावामागे टेकडी आहे आणि टेकडीवर भैरोबाचं देऊळ. वर जायला मुरमाची वाट. तरुणपणी नाना पैज लावून काळ्या सायकलवर, कुठंही पाय न टेकता, वर देवळापर्यंत गेले होते. ही गोष्ट कंपनीत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी कळते, कारण तिचं चित्र दर वर्षी आमच्या कॅलेंडरवर असतं. चित्रातले नाना दर वर्षी थोडे आणखी तरुण होतात. तर वर्धापनदिनाला जिल्ह्यातले सगळे डीलर नव्या सायकली घेऊन त्या टेकडीवर जातील आणि सगळ्यांत पुढे स्वतः नाना असतील, पाय न टेकता.

आदल्या वर्षीच नानांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते. डॉक्टरांनी सपाटीला हळूहळू सायकल चालवायला परवानगी दिली होती, आणि चढाचं नावही काढू नका असं बजावलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. पण नानांना समोरासमोर सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचा प्रश्न होता, आणि आमचं मांजर पगार देत होतं.

आता थोडं धंद्याचं सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. पायडलजवळ जी मोठी दातेरी चकती असते तिला आम्ही चेनव्हील म्हणतो, मागच्या चाकाच्या चकतीला फ्रीव्हील. दोघींवरून चेन फिरते. मागचं फ्रीव्हील जितकं छोटं, तितकी सायकल पळते आणि चढाला तितकी जड जाते. फ्रीव्हील मोठं केलं की चढ सोपा होतो, पण सपाटीला नुसते पाय गरगरतात. गिअरच्या सायकलीत सात-आठ चकत्या असतात, चढ आला की ज्यानं त्यानं आपली निवडावी. एकाच गिअरच्या सायकलीत ही निवड आधीच करून ठेवावी लागते, आणि ती करणारी मी. म्हणजे नाना त्या चढावर चढणार की नाही, चढले तर कोणत्या अवस्थेत, हे माझ्या टेबलावर ठरणार होतं. मला त्या महिन्यात झोप नीट लागली नाही, हे सांगायला काही लाज नाही. नानांना काही झालं असतं तर कॅलेंडरवर पुढच्या वर्षी काय छापलं असतं, हा विचारसुद्धा मनात येऊन गेला.

एका रविवारी मी टेम्पोत नमुन्याची सायकल टाकून त्या टेकडीवर गेले. वेगवेगळी फ्रीव्हीलं लावून चढून पाहिलं. सोळा दात्यांवर मी मध्येच उतरले. अठरावर पोचले, पण देवळात टेकून बसल्यावर भैरोबा दोन दिसत होते. वीस दात्यांवर दमले, पण ठीक. बावीसवर गप्पा मारत गेले असते, गप्पा मारायला कोणी असतं तर. वाटेत अर्ध्यावर एक वळण आहे, बाभळीच्या झाडाशी. चढ तिथंच खरा सुरू होतो.

परत आले आणि एकेकजण यायला लागला.

पहिले नाना. नमुन्याची सायकल घेऊन त्यांनी कंपनीच्या आवारात चक्कर मारली, तीही रुबाबात, एक हात सोडून.

“ही लई हलकी हाय गं पोरी. बायकांची केली का?”

“बायकांनीच केलीय, नाना.”

“तसं न्हवं. पन माझ्या टायमाला मागं अठराच दातं असायचं. तेच टाक. लोकांनी म्हनायला नको, नानानं सोपी करून घेतली.”

त्या जुन्या काळ्या सायकलचं पुढचं चेनव्हील ताटाएवढं असायचं, त्यामुळे ती याहूनही जड. हे मी त्यांना सांगितलं नाही. ‘बघते’ म्हटलं.

दुपारी अजिंक्य सर आले. दार लावून घेतलं.

“मॅडम, तुम्ही सोळाचं टाका. चौदा मिळालं तर चौदा.”

“सर, त्यावर मीसुद्धा चढू शकत नाही.”

“तेच तर. आवारातल्या ट्रायललाच त्यांना जड लागू दे. स्वतःच म्हणतील, नको. माझं ते ऐकत नाहीत, गिअरचं तरी ऐकतील.”

“आणि नाही ऐकलं तर? तसेच रेटत गेले तर?”

वडिलांना ते माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते. जाताना एवढंच म्हणाले, “काहीतरी करा हो. मला भीती वाटते त्यांची. म्हणजे, त्यांच्यासाठी.”

मी ‘बघते’ म्हटलं.

संध्याकाळी माईंचा फोन. माई म्हणजे नानांच्या मंडळी. त्या कधी कंपनीत येत नाहीत, पण कंपनीत काय शिजतंय ते आमच्या आधी त्यांना कळतं.

“तुमच्याकडं त्ये दात्यांचं काय असतं, त्यात सगळ्यात हलकं कोन्तं गं?”

“बावीस, माई.”

“बावीस. बरं. त्येच लाव. जायाचं म्हन्लं की ह्ये जानारच. मंग सुखानं तरी जाऊ दे.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “बावीसवर काय हुनार न्हाई ना त्यास्नी?”

मी इंजिनिअर आहे. चढाचा कोन मला काढता येतो. पंच्याहत्तरीच्या माणसाच्या छातीत काय होईल, ते काढता येत नाही. “माई, ते मला नाही सांगता येणार,” मी म्हटलं. “त्रास कमी होईल एवढंच सांगते.”

“मंग नुसत्या दात्यांवर भागायचं न्हाई,” माई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गाडेकरांचंही मत होतंच. त्यांना सोळा दाते हवे होते, कारण गिऱ्हाईक सायकल दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर चालवून बघतं, डोंगरावर नाही. हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं आणि त्याचा मला अजून राग येतो.

मी वीस दात्यांचं फ्रीव्हील लावलं. चौघांपैकी एकानंही वीस मागितलं नव्हतं, त्यामुळे सगळे सारखेच नाराज होतील असा हिशेब. नानांना मात्र मी सांगितलं की वीस आहेत. खोटं बोलून त्यांना चढवायचं माझ्या जिवावर आलं. ते हसले. “दोन दातं माझ्या वयाचं धरलंस व्हय?”

“एकेका स्टेंटचा एक,” मी म्हटलं. ते एकदम हसायचे थांबले, आणि मग दुप्पट हसले.

वर्धापनदिनाच्या सकाळी टेकडीखाली जत्रा भरली होती. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यापासून पाथर्डीपर्यंतचे डीलर आले होते. हे सगळे सायकली विकणारे लोक. चालवणारे त्यात फार थोडे. बरेचजण जन्मात पहिल्यांदा हेल्मेट घालत होते आणि टोपी आतून ठेवायची की काढायची यावर चर्चा चालली होती. अकोल्याचे बोऱ्हाडे शेठ सायकलभोवती फिरून आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, स्टँड बसवायचं राहिलं का?”

“माउंटन बाइकला स्टँड नसतो, शेठ.”

“मग उभी कशी करायची?”

“भिंतीला टेकवायची. नाहीतर आडवी ठेवायची.”

“नवी सायकल आडवी?” शेठनी अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला.

वर ड्रोन घोंगावत होता. अजिंक्य सरांनी पुण्याहून व्हिडिओवाले आणले होते. डॉक्टर गाडीत बसून तयार, अँब्युलन्स भैरोबाच्या दर्शनाला आली आहे असं दाखवून झाडाखाली उभी केलेली. माई जीपमध्ये बसल्या होत्या, मांडीवर शेंगांची पिशवी. शेंगा सोलत होत्या. मला आश्चर्य वाटलं ते त्यांच्या शांतपणाचं. मी नानांच्या सायकलचे ब्रेक तिसऱ्यांदा तपासत होते आणि ह्या बाई शेंगा सोलत होत्या.

गुरवानं नारळ फोडला, सगळ्या सायकलींना हळदकुंकू लागलं, माझ्या मॅट हिरव्या रंगावर चांगले ठसठशीत डाग पडले. पंगतीचं बघते म्हणून माई जीप घेऊन आधीच वर गेल्या. मग नाना निघाले. मागे अजिंक्य सर, त्यांच्यामागे मी, मग गाडेकर आणि सगळे डीलर.

पहिला टप्पा सोपा. नाना मस्त चालले होते. पाठ ताठ, धोतराऐवजी पँट, पँटला खाली क्लिप. मला खरंच बरं वाटलं. वीस दाते त्यांना बसले होते. मागून डीलर लोकांच्या धापा ऐकू येत होत्या, पण त्यांच्या छातीची जबाबदारी माझ्यावर नव्हती.

मग वळण जवळ आलं. नानांच्या पायडलचा ठेका मंदावला. एक पाय दाबला की सायकल जेमतेम सरकायची, मग दुसरा. खांदे हलायला लागले. अजिंक्य सरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. मी मनात म्हणत होते, उतरा नाना, उतरा. आणि मला हेही माहीत होतं की ड्रोन डोक्यावर असताना हा माणूस पडेल, पण उतरणार नाही.

वळणावर, बाभळीखाली, वाटेच्या मधोमध एक म्हातारी उभी होती. नऊवारी लुगडं, हातात काठी.

“कोन? बारक्या का रं?”

कंपनीच्या मालकाला, एक्कावन्न सायकलींसमोर, बारक्या.

नाना टाणकन खाली उतरले. एका क्षणात. जणू कोणी मागून धरून उतरवलं. सायकल हातात धरून पुढे गेले आणि वाकून पाया पडले. “आक्का, तू हितं काय करती?”

आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. नाना लहान असताना आई गेली. आक्कांनी त्यांना वाढवलं, ऊसतोडीला जाताना बरोबर नेलं, उसाच्या फडाकडेच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, निजवलं. दुकानातली पहिली सायकलही आक्कांनीच घेऊन दिलेली. आमच्या भागात वाटेनं मोठं माणूस पायी भेटलं की सायकलवरून उतरायचं, ही रीत आहे. वर बसून रामराम घालत नाहीत. आणि आक्कांच्या समोर तर नाना खुर्चीवरही आधी बसत नाहीत.

“देवाला चाल्ले,” आक्का म्हणाल्या. “तुमी जावा म्होरं सायकलीवं. माझं काय, मी येते हळूहळू.”

ह्या वाक्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगायला नको. नाना आक्कांच्या बाजूनं सायकल ढकलत पायी चालू लागले.

नाना पायी निघालेले पाहून अजिंक्य सर उतरले. ते उतरले म्हणून मी. मग मागे जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. मालक पायी आणि आपण सायकलवर, हे कुठल्या डीलरला शोभेल? एकेकजण उतरत गेला. त्यातले निम्मे आधीच उतरायला कारण शोधत होते, त्यांना तर भैरोबाच पावला. गाडेकर मात्र ओरडत होते, “उतरू नका! अहो ड्रोन चालू आहे! चालवत राहा!” हे ते स्वतः पायी चालत, सायकल ढकलत ओरडत होते.

अशी आमची वरात निघाली. पुढे काठी टेकत आक्का, त्यांच्या चालीनं नाना आणि मागे हेल्मेट घातलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात कोरी करकरीत, खास डोंगर चढण्यासाठी बनवलेली सायकल. महिनाभर ज्या गिअरनं माझा जीव खाल्ला त्याला खऱ्या चढावर कोणी पाय लावला नाही.

“मॅडम,” मागून बोऱ्हाडे शेठ म्हणाले, “ढकलायला लय हलकी आहे हो. हे सांगता येईल गिऱ्हाइकाला.”

देवळाच्या पटांगणात पोचलो आणि दुसरा प्रश्न उभा राहिला. म्हणजे सायकली उभ्या राहिनात. देवळाच्या भिंतीला आठ-दहा टेकल्या, बाकीच्यांना जागा नाही. लोक सायकल हातात धरून तसेच ताटकळत. नवी सायकल, कुंकू लावलेली, जमिनीवर आडवी कशी टाकायची? देवाच्या दारात? शेवटी निम्म्या लोकांनी सायकली धरायच्या आणि निम्म्यांनी दर्शन घ्यायचं, मग अदलाबदल, असं ठरलं. आक्का पारावर बसून हे बघत होत्या.

“ह्यांना पाय न्हाईत व्हय?” त्यांनी विचारलं. “कुनी केल्यात ह्या?”

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी आमटी-भाकरीच्या पंगतीकडे बघत राहिले.

जेवताना मी आक्कांशेजारी बसले. खाली बसताना त्यांना दोघींनी धरावं लागलं. “गुडघं गेल्यात माझं,” त्या म्हणाल्या. “दोन साल झालं, परसात जायाचं बी मुश्कील.”

“मग एवढं चढून कशा आलात?”

“कशाची चढती? वळनापोतर जीपनं आले. म्होरं बारक्याच्या हाताला धरून. माई म्हन्ली, आक्का, तेवढं वळनावं हुबं ऱ्हावा. म्हन्लं ऱ्हाते.”

मी घास तोंडात तसाच ठेवून पाहिलं. माई समोर वाढत होत्या. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि पुढे गेल्या.

उतरताना नानांनी मला त्यांच्या गाडीत बसवलं. गाडी वळणापाशी आल्यावर त्यांनी खिडकीबाहेर वाकून पाहिलं. मग म्हणाले, “बाभळीआड जीप हुती. आमचीच. शेपूट दिसत हुतं तिचं.”

“मग तरी उतरलात?”

“आक्का हुबी असताना सायकलीवरनं जाऊ व्हय? मानूस हाय का कोन मी?” ते चिडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आन् खरं सांगू का? दम संपला हुता गं. डोळ्यापुढं काजवं. अजून चार पायडलं मारली असती तर आज तुमी मलाच उचलून आनलं असतं. पन उतरायचं कसं, तेच सुचत न्हवतं.”

मी मान खाली घातली. माझे डोळे भरून आले होते आणि कंपनीच्या मालकासमोर रडायचं नव्हतं.

“गेअर बरुबर हुता तुझा,” नाना म्हणाले. “त्यात तुझी चूक न्हाई.”

व्हिडिओचं काय करायचं म्हणून अजिंक्य सर डोकं धरून बसले. पन्नासेक जणांनी सायकल चालवत डोंगर जिंकावा आणि मागे ढोल वाजावेत, असं चित्र त्यांच्या मनात होतं. हातात होती ती पायी दिंडी. त्यांनी ते दाबून टाकायचं ठरवलं. पण डीलर लोकांनी आपापल्या मोबाईलवर काढलेलं होतं आणि ते गावोगाव फिरलं. लोक दुकानात येऊन ‘त्या आजींच्या मागची सायकल’ मागू लागले. पन्नाशी तर डीलरांकडेच संपल्या. पुन्हा काढायची नाही असा शब्द दिलेला, म्हणून दुसऱ्या नावानं एकाच गिअरची साधी माउंटन बाइक काढावी लागली. तिला स्टँड आहे. मी शेवटपर्यंत विरोध केला. डीलरांच्या मीटिंगमध्ये बोऱ्हाडे शेठनी फक्त एवढंच विचारलं, “आक्कांना काय सांगू?” ठराव पास झाला.

पुढे काही दिवसांनी नाना माझ्या टेबलापाशी आले. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “माझ्या त्या सायकलीला बावीस दातं टाक. ड्रोन नको, डीलर नको. आपुन दोघंच जाऊ सकाळचं. मी नुसता वळनापोतर जातो. पाय न टेकता. डॉक्टरला इच्यारलं मी.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“वळनापोतर चालंल म्हन्ला, सावकाश.”

मी डॉक्टरांना स्वतः फोन करून खात्री केली, मग बावीस लावले. गेलो. नाना खरंच छान चढले. सावकाश, श्वास सांभाळत, मध्येच काहीतरी गुणगुणत. मी मागे. बाभूळ दिसायला लागली तसे ते मान तिरकी करून झाडाआड बघू लागले. मीही पाहिलं.

जीप होती.

या वेळी आक्का खालीसुद्धा उतरल्या नव्हत्या. पुढच्या सीटवर बसून शेंगा खात होत्या. मागे माई, मांडीवर तीच पिशवी. मी कोणाला काही बोलले नव्हते. नानाही नसावेत. आक्कांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

“आलास व्हय बारक्या? बास. उतर.”

नाना उतरले. पाय न टेकता वळणापर्यंत आले होते, त्यामुळे चेहरा फुलला होता. सायकल बाभळीला टेकवली, स्टँड नव्हता म्हणून मला एक टोमणा मारला आणि हात पुढे करून शेंगा मागितल्या.

आमच्या कंपनीत ब्रेकची टेस्ट मशिनवर होते, पाणी मारून, वजन टाकून. मी गेली कित्येक वर्षं ती करते आहे. नानांना थांबवणारा ब्रेक मात्र आमच्या कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हता. तो कुठं बसवायचा, ते माईंना माहीत होतं.